फाटकाशी राहून गेलेली रडारड

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
लेबर डेचा सोमवार, सप्टेंबर

आदरणीय रत्नाताईंस,

(चार महिन्यांनी मोठी आहेस आणि कॉन्व्हेंटमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसायचीस, एवढ्यासाठीच हा आदर. अंगाला लावून घेऊ नकोस.) सप्रेम जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली कपाटात ठेवून तिच्याकडे बघूनच बरं वाटतं? साखर तपासलीस का? नसशीलच. तुझ्या दादारावांची खुर्ची अजून ओसरीतच आहे ना? (ते गेल्यापासून तीत कुणी बसत नाही हे मला माहीत आहे, पण उन्हात ठेवलीस तर वेत सुटतील.) माझ्या अंगणातल्या नळाला अजून गळती आहे का? असेल तर असू दे, त्याचं कारण पुढे येईल. माझी तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम, की मी मेले असं गावातल्या निम्म्या मराठी मंडळींनी गृहीत धरलं तेव्हाही मी मागच्या अंगणात वाकून गवत उपटत होते. तेही येईलच. मार्च महिन्यात फाटकाशी तू जे केलंस ते मात्र मी विसरलेली नाही. त्याबद्दल शेवटी लिहीन. आधी पत्र नीट वाच, चष्मा लावून.

तुला ठाऊक आहे की मी सहा महिन्यांसाठी आले आणि ते सहा महिने आता संपत आले. अतुलचं म्हणणं, आई, आता इथेच राहा. तो आता इथला नागरिक आहे, माझ्या कायम राहण्याचा अर्ज इथूनच करता येतो, परत जायची गरजच नाही. नागपूरचं घर भाड्याने देऊन टाकू, नाहीतर विकू, सगळं ऑनलाइन होतं, तुला यायचंसुद्धा कारण नाही. हे त्याने अंड्याचं ऑम्लेट उलटता उलटता सांगितलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना भूगोल शिकवला, माझा पोरगा मला माझं घर ऑम्लेटबरोबर उलटून देतो. मी म्हटलं, माझा कोर्स चालू आहे, तो संपला की सांगते. आता तू विचारशील, या वयात कसला कोर्स. तेच सांगायला बसले आहे.

सुरुवात विमानतळावरच झाली. मी बॉस्टनला उतरले तो दिवस सतरा मार्च. बाहेर येते तर जो तो हिरवा. हिरव्या टोप्या, हिरवे मोजे, एका धिप्पाड गृहस्थाची दाढी हिरवी. अतुल म्हणाला, ‘‘काहीतरी पार्टी असते गं यांची, बिअर पितात.’’ अठरा वर्षं हा माणूस या राज्यात राहतो! मी तिथल्या तिथे, सामानाच्या पट्ट्याशी उभी राहून त्याला सांगितलं की आज आयर्लंडच्या संताचा दिवस, त्याने तीन पानांची एक वेल हातात धरून तिथल्या राजाला धर्म समजावला, आणि ती वेल नागपुरात उगवत नाही म्हणून सिस्टर कॉलम्बा आमच्या कॉलरला नळाजवळची आंबुशी टोचायच्या. आठवतं? प्रार्थना संपेपर्यंत आपण सगळ्यांनी आपापला संत खाऊन टाकलेला असायचा. आंबट तोंडं करून आपण ‘आमेन’ म्हणायचो आणि सिस्टरना वाटायचं, भक्तीने चेहरे असे झालेत.

उपासनाने (माझी सून, तिच्याबद्दल मी मागच्या पत्रात लिहिलं त्यातलं निम्मं मागे घेते) ही गोष्ट लक्षात ठेवली. उन्हाळ्यात मी तिच्या भांडी धुणाऱ्या यंत्रातली भांडी काढून पुन्हा हाताने धुवायला लागले, तेव्हा तिने गावच्या ज्येष्ठांच्या केंद्रात माझं नाव घातलं. दर बुधवारी, ‘आयर्लंडचा इतिहास, समाज आणि संस्कृती: प्राथमिक ओळख’. प्राथमिक! पहिलीपासून अकरावीपर्यंत आयरिश बायकांनी जिचे कान पिळले तिला प्राथमिक ओळख! मी रागाने गेले. इस्त्रीची साडी नेसून, पहिल्या रांगेत बसायला गेले. वर्गात सगळे पांढरे केस. प्रत्येकाची पणजी कुठल्यातरी आयरिश गावातून आलेली, आणि त्या गावाचं नाव सांगताना प्रत्येकाचा आवाज चर्चमध्ये असल्यासारखा होणारा. शिकवणारे केविनसाहेब निवृत्त प्राध्यापक, भर जुलैत हिरवा स्वेटर. मला विचारलं, तुमचं आयरिश नातं कुठलं? मी म्हटलं, छडीचं. पहिल्याच दिवशी माझं नाव झालं.

पण रत्ने, मी तिथे भांडायला गेले आणि बसून राहिले. कारण सिस्टरनी आपल्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांच्या तोंडून आयर्लंड म्हणजे नुसतं हिरवं कुरण, साप नाहीत आणि सगळे ‘प्लीज’ म्हणतात. बटाट्यावर रोग पडला, दहा लाख माणसं उपाशी मेली, आणि त्याच वर्षांत बंदरातून धान्याने भरलेल्या बोटी बाहेर जात होत्या, हे कधी आलं का आपल्या कानावर? साहेबाने जाता जाता देशाचे दोन तुकडे केले, तेही आपल्या कितीतरी आधी. उपासमारीतून उरलेले लोक मिळेल त्या जहाजात बसले. इथून जवळच्या वूस्टरला कालवा खणायला जे मजूर आणले तेही यांच्यातलेच, उपासमारीच्याही आधी आलेले. गावाने त्यांच्याकडून कालवा खणून घेतला आणि जवळ मात्र केलं नाही. एका बुधवारी केविनसाहेबांनी पडद्यावर जुनी जाहिरात दाखवली. कामाला माणूस पाहिजे, आयरिश असल्यास येऊ नये. सगळ्या वर्गाने सुस्कारा टाकला. मी नाही टाकला. मी हात वर करून म्हटलं, आमच्या लोकांना कुणी जाहिरात काढून सांगितलं नाही, विहिरीपाशी गेलं की कळायचं. मग मला राहवेना म्हणून दुसरा प्रश्न विचारला, की यांची पोरं पुढे पोलीस झाली, मेयर झाली, तेव्हा खालून येणाऱ्या काळ्या माणसाला यांनी हात दिला की वरून शिडी ओढून घेतली? केविनसाहेबांनी स्वेटरची बाही ओढली आणि म्हणाले, याचं उत्तर आपल्याला अभिमान वाटावा असं नाही. (हे मला आवडलं. आपल्याकडचा प्राध्यापक म्हणाला असता, हा विषय अभ्यासक्रमात नाही.)

आणि त्याच्या पुढच्या बुधवारी आली ती काठी. घट्ट बस. तिकडच्या शाळांत, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी, पोरांच्या गळ्यात एक छोटी काठी अडकवायचे. पोर आपल्या आयरिश भाषेत एक शब्द बोललं की काठीवर एक खाच. संध्याकाळी खाचा मोजून फटके. पुष्कळदा घरचेच हे करायला सांगायचे, पोराला इंग्रजी आली तर अमेरिकेत पोट भरेल म्हणून. मी वही मिटली. मला आपल्या वर्गातला तो लाकडी ठोकळा दिसला, पांढऱ्या रंगात ‘मी मराठी बोलले’ असं इंग्रजीत लिहिलेला, जो तुझ्या गळ्यात इतक्या वेळा असायचा की तो दागिना आहे असं नव्या मुलींना वाटे. ज्यांच्या आज्यांच्या गळ्यात काठी होती त्या तिथून समुद्र ओलांडून नागपूरला आल्या आणि त्यांनी आपल्या गळ्यात ठोकळा अडकवला! सिस्टर कॉलम्बांना हे कधी जाणवलं असेल का? संध्याकाळी एकट्या असताना त्या खिडकीशी काहीतरी पुटपुटायच्या, आपण म्हणायचो लॅटिन आहे. आता मला वाटतं ते लॅटिन नसावं. मला त्यांचा राग आला, आणि त्याच वेळी त्यांच्याशेजारी जाऊन बसावंसं वाटलं. हे दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला सांगता येत नाही, तू मात्र समजशील. बाबांनी मला त्या शाळेत घातलं तेही इंग्रजीसाठीच. दीक्षा घेतल्यावर ते म्हणाले होते, आता पोरगी मान वर करून इंग्रजी बोलेल. बोलते आहे. आणि माझी नात इशिता, जिच्या गळ्यात कुणी काही अडकवलं नाही, तिला मी मराठीत विचारते, जेवलीस का, आणि ती लाडाने म्हणते, ‘‘आय एट, आजी.’’ इथे ठोकळा लागतच नाही.

वर्गात माझी एक मैत्रीण झाली. जळू नकोस. तिचं नाव डीलिया. वय सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी, खरीखुरी तिथे जन्मलेली, त्यामुळे बाकीचे पणजीवाले तिला जरा वचकून असतात. तिने मला घरी नेलं. चहा घेणार का, म्हणाली. मी अर्थातच म्हटलं, नको नको, कशाला त्रास. रत्ने, या देशात मी मार्चपासून तहानलेली आहे. इथे एकदा नको म्हटलं की लोक खरंच देत नाहीत! इथल्या एका शेजारणीकडे मी दोन तास कोरडी बसले. पण डीलिया म्हणाली, अगं घे ना. मी म्हटलं, नको, खरंच आत्ताच झाला. ती उठून किटली ठेवत म्हणाली, ‘‘अर्धा कप, माझ्यासाठी.’’ मला भरून आलं. नंतर ती माझ्याकडे आली तेव्हा तिने दोनदा पोहे नाकारले आणि तिसऱ्यांदा दोन बशा खाल्ल्या. अशा माणसाशी वेगळी ओळख करून घ्यावी लागत नाही.

तिनेच वर्गात ते सांगितलं. त्या दिवशी विषय होता वेक. त्यांच्याकडे माणूस गेलं की त्याला घरातच ठेवतात आणि शेजारपाजार रात्रभर जागतो. चहा, सँडविच, दारू, गेलेल्याच्या गोष्टी, हसणं, रडणं, सगळं एका खोलीत. आणि याचाच दुसरा प्रकार म्हणजे अमेरिकन वेक. यात मेलेलं कुणी नसतं. घरातलं पोर अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री गाव गोळा व्हायचं. वाजवायचे, नाचायचे, आणि आई पहाटे मयतासारखा हंबरडा फोडायची, पोर समोर जिवंत उभं असताना. कारण ते परत येणार नाही हे सगळ्यांना माहीत. कुणी खोटं बोलायचं नाही. डीलिया म्हणाली, तिच्या भागात ही चाल मोडत आली होती, तिचा वेक शेवटच्या काहींतला. अठरा वर्षांची होती. सकाळी सगळे रस्त्याच्या वळणापर्यंत आले. आई वळणाआधीच थांबली आणि मागे फिरली. पुन्हा भेट झाली तेव्हा आई तिला ओळखत नव्हती.

आता ऐक. आमची इशिता ऑगस्टच्या शेवटी ॲन आर्बरला कॉलेजला निघाली. लांब आहे, गाडीने बारा-तेरा तासांवर, आणि थंडी इथल्याहून वाईट. आणि घरात काय चाललं होतं? उशा आणि कुकर! उपासना डबे भरते आहे, अतुल व्हॅनमध्ये सामान कसं बसेल याची मापं घेतो आहे, पोरगी कानात यंत्र घालून हिंडते आहे. अठरा वर्षांचं माणूस घर सोडतं आहे आणि कुणी एक अक्षर बोलत नाही. मी विचारलं तर अतुल म्हणतो, ‘‘आई, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला येईलच ना ती.’’ मग मी ठरवलं की हे असं चालणार नाही. घरात म्हटलं, शनिवारी चार माणसं बोलावते, इशिताला निरोप देऊ. डीलियाला सांगितलं, ती म्हणाली, अमेरिकन वेकच करू. वर्गाला सांगितलं, वर्ग नाचायला लागला. मराठी मंडळींना कळवायचं काम गिरीशला दिलं. (गिरीश पुण्याचा, दोन घरं पलीकडे, इथल्या मराठी ग्रुपचं सगळं तोच बघतो. घाईत असतो. नेहमीच घाईत असतो.) रस्त्यात तो पळत चालला होता, मी ओरडून सांगितलं, शनिवारी चार वाजता आमच्याकडे वेक आहे, सगळ्यांना कळव. त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, पोरगी जाते म्हणून पडला. त्याने ग्रुपवर टाकलं, ‘शनिवारी चार वाजता अतुल-उपासनाच्या घरी वेक आहे. सर्वांनी यावे.’ एवढंच.

कुणाचा, हे एकानेही विचारलं नाही. घरात म्हातारी एकच! (गिरीशने तरी विचारावं की नाही? मी स्वतः त्याला सांगितलं होतं! तर म्हणे, काकू, मला वाटलं डॉक्टरांनी मुदत दिली असेल आणि तुम्ही स्वतःच सगळं ठरवून ठेवताय, तुमचा स्वभाव तसा आहे, आणि शनिवारपर्यंत सगळं आटोपलं असेल.)

शनिवारी पावणेचारला मी मागच्या अंगणात गेले. अतुलच्या हिरवळीत तण म्हणून जी आंबुशी येते आणि जिच्यावर तो दर पंधरा दिवसांनी औषध मारतो, तिचा एक कोपरा मी त्याच्याशी भांडून वाचवला होता. ती खुडायला. उपासना आणि इशिता वर बॅगा भरत. अतुल समोर व्हॅनपाशी. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांत मराठी मंडळी आली. गिरीशने अतुलला मिठी मारली. घराच्या बाजूने मला सगळं ऐकू येत होतं.

‘‘धीर धर यार,’’ गिरीश म्हणाला.

‘‘हो रे. घर रिकामं वाटेल, पण कधीतरी होणारच होतं.’’

‘‘त्रास नाही ना झाला फार?’’

‘‘त्रास काय, चार दिवस पॅकिंगच चाललंय. उद्या सकाळी सहाला निघू, व्हॅनमध्ये मागे मावेल सगळं.’’

गिरीशने त्याची पाठ थोपटली. मला वाटतं, नागपूरच्या लोकांची पद्धत वेगळी असेल अशी त्याने मनाची समजूत घातली.

मंडळी आत जाऊन जमिनीवर बसली. गिरीशची बायको सलोनी मुसमुसत होती. (माझ्याशी तिचं कधी पटलं नाही. तिच्या मुलाच्या मराठीबद्दल मी एकदा खरं बोलले होते.) स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी तिला म्हणताना ऐकलं, ‘‘बोलायला फटकळ होत्या, पण मनाने चांगल्या होत्या.’’ हा ‘पण’ कशासाठी, रत्ने? माणूस फटकळ आणि चांगलं एकाच वेळी असू शकत नाही का? मी मूठभर आंबुशी घेऊन तिथेच थांबले. कबूल करते, थोडा वेळ मुद्दाम थांबले. असं ऐकायची संधी कितीजणांना मिळते? दुसरा कुणीतरी म्हणाला, अतुल आता नागपूरचं घर काढेल बहुतेक. तिसरा म्हणाला, काढावंच लागतं, कोण बघणार? चारी बाजूंनी होकाराच्या माना हलल्या. मी अजून थंडही झाले नव्हते आणि माझं घर विकलं गेलं होतं.

तेवढ्यात पुढच्या दाराने माझा वर्ग आला. केविनसाहेब बासरीसारखं काहीतरी वाजवत, एकाच्या गळ्यात अकॉर्डियन, डीलियाच्या हातात हॅम सँडविचचं ताट आणि काखेत व्हिस्की. मोठ्याने हसत. पांढऱ्या कपड्यांतली मंडळी त्यांच्याकडे अशी बघू लागली की मयताच्या घरी वरात घुसली. सलोनी उठून म्हणाली, ‘‘हॅव सम रिस्पेक्ट!’’ डीलिया तिला प्रेमाने म्हणाली, ‘‘पोरी, बस खाली, थोडं पी.’’ आणि त्याच क्षणी मी मागच्या दाराने आत आले. पांढरी साडी, हातात हिरवी पानं. सलोनी किंचाळली. गिरीश मटकन सँडविचच्या ताटाशेजारी बसला. मी विचारलं, चहा कोण कोण घेणार? कुणीही ‘नको’ म्हटलं नाही.

मग खुलासे झाले, हसून हसून लोकांची पोटं दुखली, सलोनीने माझे पाय धरले आणि मी तिला म्हटलं, ‘होत्या’च्या जागी ‘आहेत’ घाल, बाकी राहू दे. अतुलचा चेहरा तेवढा हसत नव्हता. त्याला कळलं होतं की त्याने आपल्या आईबद्दल गिरीशला नकळत काय काय सांगितलं.

डीलियाने इशिताला मधल्या खुर्चीवर बसवलं. मी तिच्या कॉलरला आंबुशी टोचली. तिने एक पान तोडून तोंडात टाकलं आणि म्हणाली, ‘‘ओ माय गॉड, आजी, इट्स सो सावर!’’ आणि दुसरं तोडलं. (कुणी शिकवलं नव्हतं गं. आपोआप.) डीलिया म्हणाली, नियम असा की जो तो जाणाऱ्याला खरं सांगेल. आणि मग गिरीश, घाईत असणारा गिरीश, हळूहळू बोलायला लागला. त्याने इशिताला त्याच्या निघण्याची गोष्ट सांगितली. विमानतळावर वडील काचेपलीकडे उभे, आत येता येत नाही म्हणून काचेवर हात ठेवून. तो त्यांना म्हणाला होता, दोन वर्षांनी येतोच. त्याला एकवीस वर्षं झाली. मग दुसरा म्हणाला, मीही दोनच वर्षं म्हटलं होतं. मग सलोनी. मग एकेक करत खोलीतला प्रत्येक मराठी माणूस. सगळे दोन वर्षांसाठी आले होते, रत्ने! एकाचाही वेक झाला नव्हता. डीलियाच्या लोकांनी निदान मान्य तरी केलं होतं. आपण सगळ्यांनी पेढे वाटले, नारळ दिले, आणि एकमेकांच्या तोंडावर खोटं बोललो. उपासना, जिला मी सहा महिन्यांत कपाळाला आठी पडण्यापलीकडे काही होताना पाहिलं नव्हतं, ती पोरीच्या खुर्चीशी बसून ढसाढसा रडली. पोरगीही रडली, आणि चक्क मराठीत म्हणाली, ‘‘आई, रडू नको ना.’’ अकॉर्डियनवाल्याने त्या वेळी वाजवलं नाही. शहाणा माणूस.

सगळे गेल्यावर डीलिया बशा पुसायला थांबली. सहज विचारलं तिने, ‘‘आणि रोमा, तुझा वेक कधी झाला?’’ (तिला रमा म्हणता येत नाही.) मी म्हटलं, माझा कशाला, मी सहा महिन्यांसाठी आले आहे. ती नुसती बशी पुसत राहिली, तीच तीच बशी.

आता फाटक. पहाटेची टॅक्सी उभी होती. मी तुझ्या हातात किल्ली दिली. तू काय म्हणालीस? ‘‘पोचल्यावर फोन कर.’’ साठ वर्षांची ओळख आणि पोचल्यावर फोन कर! मी म्हटलं, येते. तू म्हटलंस, ये. आणि टॅक्सी कोपऱ्यावर वळायच्या आत तू माझ्या घराचं फाटक लावायला लागलीस, मी मागच्या काचेतून बघत होते. इतके दिवस मी तुझ्यावर चिडून आहे. मला वाटायचं, हिला काहीच वाटलं नाही. परवा बशी पुसताना लक्षात आलं, की तुलाही माहीत होतं. अतुल मला सोडणार नाही, मीही नातीत अडकेन, हे तुला माझ्याआधी कळलं होतं, आणि मी ‘येते’ म्हटलं म्हणून तू ‘ये’ म्हटलंस. दादाराव गेले तेव्हाही तू मला असंच म्हणाली होतीस, जा आता, उशीर झाला. तू डीलियाच्या आईसारखी वळणाआधी मागे फिरणारी बाई आहेस.

तर असं आहे. कोर्स संपला. केविनसाहेबांनी मला सांगितलं की प्राथमिक ओळख पूर्ण झाली, पुढच्या उन्हाळ्यात पुढची. अतुल उत्तराची वाट पाहतो आहे. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
रमा

ता. क. तिकीट काढलं. सहा महिने भरायच्या आत पोचते. अतुलला सांगितलं की घर बंद करायचं की उघडं ठेवायचं ते घरातच उभं राहून ठरवीन, ऑम्लेटशेजारी नाही. तो म्हणाला, ‘‘आई, तू परत येशील ना?’’ मी म्हटलं, येते.

दुसरा ता. क. खरं काम आता. दसरा झाला, दीक्षाभूमीवर जाऊन आलो, की एका संध्याकाळी माझ्या अंगणात सगळ्यांना बोलाव. गल्ली, शाळेतल्या उरलेल्या मुली, नळवाला सोडून सगळे. दादारावांची खुर्ची आण, मी तीत बसेन. चहा भरपूर कर आणि प्रत्येकाला तीनदा विचार. ज्याला माझ्याबद्दल जे बोलायचं ते तोंडावर बोलू दे, ‘पण’ न घालता. शेवटी तू बोल. राहा म्हणायचं असेल तर राहा म्हण, जा म्हणायचं असेल तर जा म्हण, पण ‘पोचल्यावर फोन कर’ म्हणालीस तर मी तुझ्या गळ्यात ठोकळा अडकवीन. आणि रडायचं आहे, रत्ने. पांढरा रुमाल आण. मीही आणते.

तिसरा ता. क. नळ दुरुस्त करू नकोस. त्याच्या ओलीवरच आंबुशी आहे, कुणाला उपटू देऊ नकोस. मला कॉलर नाही, पदराला टोच. तुलाही ‘येते’ म्हटलं होतं, अतुललाही ‘येते’ म्हणून निघते आहे. दोघांपैकी खोटं कुणाशी बोलले, हे मला अजून माहीत नाही. त्या संध्याकाळी कळेल. तोवर फाटक उघडं ठेव.